एम.ए. झाल्यावर थेट पीएच.डी. करावी का?

प्रश्न : मी कोल्हापुरात इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. राजर्षी शाहू महाराजांच्या कार्यावर पीएच.डी. करण्याची माझी इच्छा आहे. घरची शेती बेताची असल्यामुळे आधी नोकरी धरावी, असे वडिलांना वाटते. मैत्रिणी म्हणतात की आधी गाइड (संशोधनाचे मार्गदर्शक) गाठ, विषय मागाहून ठरेल. मी नेमकी सुरुवात कोठून करावी?
– एक विद्यार्थिनी, गारगोटी

उत्तर : आपली इच्छा मोलाची आहे, मात्र ‘शाहू महाराजांचे कार्य’ हा अभ्यासाचा प्रांत झाला, संशोधनाचा विषय नव्हे. एम.ए.पर्यंत इतरांनी शोधून काढलेले नीट समजून घेऊन मांडले की भागते, पीएच.डी.त मात्र ज्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही असा प्रश्न आपणच उभा करायचा असतो, आणि पुष्कळ हुशार विद्यार्थी पहिल्या वर्षी अडखळतात ते येथेच. १९०२ च्या आदेशाने करवीर (कोल्हापूर) संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास समाजांसाठी राखून ठेवल्या गेल्या, हे आपण परीक्षेत अनेकदा लिहिले असेल. परंतु त्यानंतरच्या दहा वर्षांत महसूल, शिक्षण किंवा पोलीस खात्यात प्रत्यक्ष नेमणुका कोणाच्या झाल्या, त्या नेमणुकांना कोणी आडकाठी केली, निवडलेले लोक टिकले का, असे विचारू लागताच क्रमिक पुस्तके अपुरी पडतात आणि दफ्तर, म्हणजे संस्थानची जुनी सरकारी कागदपत्रे, उघडावे लागते.

संस्थानकाळातील दफ्तराचा मोठा भाग मोडी लिपीत आहे. म्हणून माझे पहिले सांगणे हे की मोडी आताच शिकावी. वळणदार, शिरोरेघेला लगटून, हात न उचलता लिहिलेल्या ओळीत एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे कळायलाच काही महिने जातात. नोंदणी झाल्यावर हा अभ्यास सुरू केला तर मुदतीतला तेवढा काळ हातचा जातो. ही कागदपत्रे जतन करणारे पुराभिलेखागार कोल्हापुरातच आहे, ही सोय बाहेरगावच्या संशोधकाला मिळत नाही. एम.ए.चा संशोधन प्रकल्प असेल तर तो उरकून टाकू नका. एकाच खात्याची, दोन-तीन वर्षांपुरती कागदपत्रे घेऊन तो करा; पुढच्या आराखड्याचा पाया त्यातूनच तयार होईल आणि हे काम आपल्याला खरोखर आवडते का, हेही कळेल.

नियमांविषयी थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.ए. आणि पीएच.डी. यांमधला एम.फिल. पदवीचा टप्पा आता उरलेला नाही. कोर्सवर्क (सुरुवातीचा नेमून दिलेला अभ्यासक्रम) धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षांची मुदत असते. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढवून मिळू शकतात, तर महिलांना त्याशिवाय आणखी २ वर्षांची सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा आहे. घरच्यांशी बोलताना ही शेवटची गोष्ट जरूर सांगावी.

वडिलांच्या काळजीकडे दुर्लक्ष करू नये, कारण ती रास्त आहे. पैशाची सोय झाल्याखेरीज पूर्णवेळ पीएच.डी.ला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. त्याशिवाय आपल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीची चौकशी करावी. नेटचा निकाल जून २०२४ पासून तीन स्तरांत लागतो (अधिछात्रवृत्तीसह पात्रता, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश) आणि खालच्या दोन स्तरांतील गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एक वर्षच ग्राह्य धरले जातात, हे ध्यानात ठेवून परीक्षेची वेळ निवडावी. सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास राज्यात सहायक प्राध्यापकपदासाठी पात्रता मिळते, पण ही अधिछात्रवृत्ती मिळत नाही. नोकरी धरावीच लागली तर अर्धवेळ पीएच.डी.चा मार्ग आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागते.

आता गाइडविषयी. मैत्रिणींचा सल्ला मला पटत नाही. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थीच घेता येतात, त्यामुळे जागा रिक्त आहे का, हे पाहावे लागतेच. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण केवळ जागा आहे म्हणून नाव नोंदवले, तर विषयही त्यांच्याच सोयीचा पदरात पडतो आणि तो पुढे वर्षानुवर्षे ओढत राहावा लागतो. त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले एक-दोन प्रबंध ग्रंथालयात बसून वाचा, सध्याच्या विद्यार्थ्यांना प्रकरणे किती दिवसांत तपासून मिळतात ते विचारा, आणि मग आपल्या प्रश्नाचे दोन पानी टिपण घेऊन त्यांना भेटा. टिपणात कोणती कागदपत्रे पाहिली आणि कोणती पाहायची आहेत, हे अवश्य लिहा. बोलण्याला तेथूनच सुरुवात होईल.