लॅबचा रिपोर्ट नंतर, आधी टँकरच्या चिठ्ठ्या

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एम.टेक. झालं, नागपुरातल्या एका रस्ते-पूल बांधणाऱ्या कंपनीत एन्व्हायर्नमेंट ऑफिसर म्हणून निवड झाली, मुलाखतीत ‘रिस्क मॉनिटरिंग’ हा शब्द चारदा ऐकला. पण कंपनी आतल्या आत खरंच काही बघते, की लॅबवाल्याला बोलावून रिपोर्ट फाइलला लावते, एवढंच? मी एकोणीस वर्षं हेच काम केलं, त्यातली अकरा नागपूर आणि आसपासच्या साइटवर. दोन्ही प्रकार पाहिले आहेत, कधीकधी एकाच साइटवर.

कागदावरची रचना लवकर उरकतो, कारण ती सगळीकडे सारखीच असते. आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घेतलेल्या कंपनीत आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर असतं, म्हणजे कोणत्या कामाने पर्यावरणाचं काय बिघडू शकतं त्याची यादी. खोदकाम, काँक्रीट, डिझेलचा साठा, प्रत्येक कामाला एक ओळ. घडण्याची शक्यता आणि नुकसानीची तीव्रता यांना गुण द्यायचे, गुणाकार ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की ओळ लाल. शेजारी लीगल रजिस्टर, म्हणजे लागू कायद्यांची यादी. त्यात १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखालची प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेची पर्यावरण मंजुरी, तिचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे हेड ऑफिस दर महिन्याला डिझेल, पाणी, कचऱ्याचे आकडे मागतं. परदेशी कर्जाचं काम असेल तर कर्ज देणाऱ्यांच्या अटी थेट कंत्राटात उतरतात. आपल्या नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास बँकांचं कर्ज आहे, तिथं काम केलेल्या कोणालाही विचारा.

हे सगळं चांगलंच आहे. अडचण अशी की रजिस्टर बहुतेक वेळा मागच्या साइटवरून उचलून आणलेलं असतं. एका कंपनीत मी रुजू झालो तेव्हा आमच्या रजिस्टरमध्ये ‘भरतीच्या वेळी खाडीत गाळ जाणे’ अशी ओळ होती, तीही लाल! नागपुरात खाडी! काळ्या मातीचा मात्र कुठं उल्लेख नव्हता. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांतून येणारी राखडही नव्हती. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत भरावाला राखड वापरा असं कायदा सांगतो, म्हणून ती लीगल रजिस्टरमध्ये होती. पण ताडपत्री न लावता धावणाऱ्या डंपरमधून तीच राखड लोकांच्या घरात जाते, हे लिहायचं कोणाला सुचलं नव्हतं.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो, म्हणजे मॉनिटरिंग कुठं होतं ते कळेल.

मे महिना, नवतपा लागायच्या बेतात. शेजारच्या वस्तीतल्या एक काकू स्टीलची परात घेऊन गेटवर आल्या. परातीत गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या, वर करडा थर. “हे खाऊन दाखवा साहेब,” म्हणाल्या. मी बोट फिरवलं तर पांढऱ्या कुरडईवर रेघ उमटली. आमचा मुकादम मागून म्हणे, “काकू, सकाळपासून पाणी मारून राहिलो ना आम्ही.” काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यातला लॅबचा रिपोर्ट होता पीएम-१० चा, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचा: ८४. चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे आम्ही पास. मी सॅम्पलर, म्हणजे धूळ मोजायचं यंत्र, कुठं ठेवला होता ते बघायला गेलो. साइट ऑफिसच्या मागे, कडुलिंबाखाली. वीज तिथं होती आणि लॅबच्या पोराला सावली हवी होती, त्याला तरी काय दोष देणार. पण उन्हाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, आणि ऑफिस होतं डंपरच्या रस्त्याच्या पश्चिमेला. धूळ पूर्वेला, काकूंच्या गच्चीकडे चालली होती. पुढच्या वेळी यंत्र पूर्वेच्या कुंपणाशी लावलं. आकडा आला २१२. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, हा आकडा रजिस्टरला नको. थोडी बाचाबाची झाली, शेवटी दोन्ही आकडे लागले, दोन्हींच्या पुढे यंत्र कुठं ठेवलं होतं त्याचा नकाशा. तेव्हापासून नकाशा नसलेला रिपोर्ट मी वाचतच नाही.

पण धूळ का उडत होती? पाणी मारायचं काम पेटी कंत्राटदाराकडे, म्हणजे आमच्या हाताखालच्या छोट्या कंत्राटदाराकडे होतं. त्याच्या चिठ्ठ्यांवर रोज आठ टँकर, प्रत्येकी १०,००० लिटर, म्हणजे ८०,००० लिटर. बिल त्यावरच निघायचं. मी टँकर भरायच्या ठिकाणचं मीटर सकाळ-संध्याकाळ वाचायला सुरुवात केली. रोज जेमतेम ३०,००० लिटर जात होतं. पाच टँकर फक्त कागदावर फिरत होते. हे ना आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टरने पकडलं, ना लॅबने. दोन वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कारणासाठी लिहिलेल्या दोन वह्या शेजारी ठेवल्या, मेळ बसला नाही, बस्स.

मला तुम्हाला जे सांगायचंय ते एवढंच आहे. प्रदूषण मोजायचं यंत्र महिन्यातून एकदा येतं. साहित्याची मोजणी रोज होते, कारण तिच्यावर पैसे अवलंबून असतात. तिच्या आधाराने चाला.

मलब्याचंही तसंच. एक जुना छोटा पूल पाडला. ड्रॉइंगप्रमाणे काँक्रीट ४०० घनमीटर, घनमीटरला अडीच टन धरले तर हजार टन. वजनकाट्याच्या पावत्या जमल्या सहाशे टनांच्या. उरलेले चारशे टन गेले कुठं? ड्रायव्हरला चहा पाजला तेव्हा कळलं, दीड किलोमीटरवर नाल्याच्या काठच्या खोलगट प्लॉटमध्ये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदी लोकांच्या घरात शिरली होती, हे ज्यांनी पाहिलं त्यांना नाल्यात चारशे टन मलबा म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. २०१६ च्या बांधकाम-मलब्याच्या नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर मलबा काढणाऱ्याने तो वेगवेगळा करून द्यायचा होता. १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम आहेत आणि २०,००० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पांवर त्यांत पुनर्वापराचीही जबाबदारी आली आहे. पावत्यांचा मेळ आता नुसती शिस्त म्हणून घालायचा नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं. काळी माती एकदा पाण्यात मिसळली की लवकर खाली बसत नाही, त्यामुळे गाळ अडवायचा खड्डा पाठ्यपुस्तकातल्या मापाचा चालत नाही, मोठा लागतो आणि मृगाआधी रिकामा लागतो. पहिल्या पावसानंतर नाल्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचं पाणी दोन बाटल्यांत भरून टेबलावर ठेवा. प्रोजेक्ट मॅनेजरला टीएसएसचा (पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचा) आकडा समजावण्यापेक्षा हे बरं, मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम असते हे नंतर सांगा. ट्रांझिट मिक्सर (काँक्रीट वाहून आणणारा ट्रक) धुतलेल्या पाण्यासाठी पीएच पट्ट्या खिशात ठेवा. त्या पाण्याचा पीएच सहज १२ च्या आसपास असतो आणि बाहेर सोडायची मर्यादा ५.५ ते ९ आहे. डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) धुराड्याची उंची एकदाच मोजावी लागते: केव्हीएच्या, म्हणजे जनरेटरच्या क्षमतेच्या, वर्गमुळाला ०.२ ने गुणा, ४०० केव्हीएला इमारतीच्या वर चार मीटर. झालं.

आता पैशाचं. बोलून काही होत नाही, बिलाने होतं. टँकरच्या प्रकरणानंतर आम्ही पेटी कंत्राटदाराच्या आरए बिलावर (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलावर) माझी सही लागेल असं करून घेतलं. मीटरचं वाचन जोडलं नसेल तर पाणी मारायची रक्कम अडायची. पहिल्या महिन्यात शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या महिन्यात त्याने स्वतःहून मीटरचे फोटो पाठवायला सुरुवात केली. बिलिंग इंजिनिअरशी दोस्ती करा, सेफ्टीवाल्याइतकाच तो तुमच्या कामाचा माणूस आहे. आणि तक्रार वही गेटवर ठेवा, एचआरच्या कपाटात नको. कुरड्यांची तक्रार मी त्यात वेळ आणि वाऱ्याच्या दिशेसकट लिहिली होती. ऑडिटला आलेल्या बाईंनी सगळ्या फाइलींतून तेवढंच पान दोनदा वाचलं.

एक गोष्ट मात्र रुजू व्हायच्या आधीच विचारा: तुमचं अप्रेझल कोण लिहिणार? साइटचा प्रोजेक्ट मॅनेजर लिहिणार असेल तर २१२ चा आकडा तुम्ही किती महिने रजिस्टरला लावू शकाल, याचा विचार करून ठेवा. हेड ऑफिसचा ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) प्रमुख लिहिणार असेल आणि काम थांबवायचा अधिकार पत्रात लेखी असेल, तर नोकरी चांगली आहे. ऑफर लेटरवर सही व्हायची असेल तर आजच फोन करून विचारून घ्या.