हतनूरचे दरवाजे आणि लेकीचा मित्र

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला आहे. ऑटिझमचं निदान नववीत झालं, तोपर्यंत सगळे तिला ‘घुमी’च म्हणायचे. पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, तापीत किती क्युसेक पाणी सोडलं, हे ती रोज वहीत लिहिते. क्लासमधला एक मुलगा तिला सकाळी मेसेज करतो, ‘आज अठरा’, की ही दिवसभर खूश! परवा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, “तो माझा बॉयफ्रेंड आहे. त्यानं विचारलं, मी हो म्हटलं.” तिच्या बाबांचा घास हातातच राहिला. सासूबाई म्हणतात, ‘पोर भोयी शे’ (भोळी आहे), क्लास बंद करा. गाव लहान, बातमी फिरायला वेळ लागत नाही. मुलाच्या घरी जाऊन तिच्या ऑटिझमबद्दल सांगून टाकू का?
– एक आई, चोपडा

उत्तर : ताई, क्लास बंद करू नका. त्यानं मुलगा जाणार नाही, तिचं ताटावर बसून सांगणं तेवढं जाईल. असल्या गोष्टी घरी लपवायच्या असतात हे तिच्या डोक्यातच नाही, आणि हेच तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं बळ आहे. सांगितलं की क्लास सुटतो, हा नियम ती एकदाच शिकेल आणि कायमचा पाळेल.

मुलाबद्दल एक सांगू? गुलाबाऐवजी दरवाजांचा आकडा पाठवणाऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलंय. एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही, पण सुरुवात वाईट नाही.

सासूबाईंची भीती मात्र खोटी नाही. ‘घरी कोणी नाही, ये गप्पा मारायला’ याचा अर्थ तुमची मुलगी गप्पाच असा घेईल. बाकीच्या मुलींना असल्या बोलण्यातली मेख मैत्रिणींच्या कुजबुजीतून, मावसबहिणीच्या डोळ्यांच्या खुणेतून कळते. हिच्यापर्यंत ती खूण पोचतच नाही. तिला ते सरळ शब्दांत सांगावं लागतं, आणि ते काम तुमचं.

पण त्याच्याही आधीचं एक काम आहे. श्रावणात कानबाईच्या रोटांना, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, सगळी भाऊबंदकी घरात जमते. कुणी काकू गाल ओढते, कुणी काका पाठीवर थाप मारून जवळ घेतात. पोरगी अंग चोरते आणि आपण वर म्हणतो, ‘असं करू नये, मोठे आहेत.’ ऑटिझम असलेल्या मुलींना लहानपणापासून हेच शिकवलं जातं: डोळ्यांत बघ, हात दे, गप बस, लोकांना बरं वाटेल असं वाग. वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर अंगाला नको वाटलेलं सोसायचंच असतं असं तिला वाटू लागतं. मग उद्या त्या मुलानं खांद्यावर हात ठेवला आणि तिला तो नकोसा झाला, तर ती हात झटकणार नाही, स्वतःलाच दोष देईल. तेव्हा येत्या श्रावणात काकूंना तुम्हीच सांगा, ‘तिला हात लावलेला आवडत नाही, लांबूनच बोला.’ तिच्यासमोर सांगा.

मग वाक्यं पाठ करून घ्या. ‘मला हे नको.’ ‘मला आत्ता घरी जायचंय.’ कारण द्यायची गरज नाही, हेही सांगा. बाबांनी मुद्दाम म्हणायचं, ‘अगं थांब ना पाच मिनिटं, रागावलीस का?’ आणि तिनं तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. आधी हसू येईल, येऊ दे. घाबरल्यावर किंवा गोंगाटात अशा मुलांची वाचा बसते, म्हणून एक खूणही ठरवा. तिनं तुम्हाला नुसतं ‘४१’ पाठवलं की तुम्ही लगेच फोन करायचा, ‘घरी ये, काम आहे.’ सगळे दरवाजे उघडले म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागणार नाही.

नियम तिच्यासाठीही हवेत. त्याचं उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज दुसऱ्या दिवशी. तो ‘आज नको’ म्हणाला तर आज नको.

शरीराबद्दल बोलताना ‘तसलं काही’, ‘मर्यादा’ असले शब्द वापरू नका, तिला त्यातून काही कळणार नाही. चुंबन, संभोग, गर्भधारणा, जे आहे ते नावानिशी सांगा. फोनवर कपड्यांशिवायचा फोटो मागायचा नाही, पाठवायचा नाही, आलेला पुढे ढकलायचा नाही. पॉक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा १८ वर्षांखालच्या मुलीची संमती धरत नाही, त्यामुळे तिनं हो म्हटलं तरी तो मुलगा गुन्ह्यात अडकू शकतो. हे त्यालाही माहीत हवं. नियमामागचं कारण कळलं की अशी मुलं तो आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात.

ती अठराची झाली की कुणीतरी सुचवेल, ‘कायदेशीर पालकत्व घेऊन टाका.’ राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली ती सोय आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते देते. पण ज्यांना आधाराशिवाय निर्णय घेणं जमतच नाही त्यांच्यासाठी. बारावी सायन्स करणाऱ्या मुलीचा मित्र नको म्हणून नव्हे.

राहिलं मुलाच्या घरी जाणं. जाऊ नका. निदान तिचं आहे, कुणाला सांगायचं हे तिनं ठरवायचं. तिला विचारा. ‘ऑटिझम’ हा शब्द न वापरताही सांगता येतं: ‘मला टोमणे कळत नाहीत, सरळ बोल. गर्दीत मला त्रास होतो.’

त्यापेक्षा तिची हरकत नसेल तर त्या मुलाला एका रविवारी चहाला बोलवा. फोडणीचे पोहे करा, वही त्याच्यापुढे ठेवू द्या. आणि तिच्या बाबांना आदल्या रात्रीच बजावून ठेवा: पहिल्याच भेटीत आडनाव, गाव आणि दहावीचे मार्क विचारायचे नाहीत.