वाचकांचे प्रश्न : लाकडी धनुष्याची मूठ

उन्हाळी सराव सुरू झाला की मुठीच्या तक्रारींची पत्रे वाढतात. या वेळी सोलापूर शहर आणि तालुक्यांतून आलेले सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझे बांबूचे धनुष्य 64 इंची, 35 पौंड ओढीचे (पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारे) आहे. सकाळी आठलाच तळहाताला घाम सुटतो, मूठ हातात फिरते, बाण कधी डावीकडे तर कधी उजवीकडे जातो. क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप चढवली. हात सटकायचा थांबला, पण बाणांची फाकाफाक वाढली. असे का व्हावे? (जुळे सोलापूर)

हात सटकायचा थांबला, तेच कारण आहे. लाकडी धनुष्याची मूठ आवळायची नसते. दोरी ओढली की मूठ आपणहून तळहातात रुतते. आपण तिला मागून फक्त आधार द्यायचा. ओढताना ती तळहातावर किंचित सरकून स्वतःची जागा घेते. रबर तिला सरकू देत नाही. सुरुवातीला हात थोडासा तिरका पडला तर शेवटपर्यंत तिरकाच राहतो, तळहाताची कातडी पिळली जाते आणि दोरी सुटताच तो पीळ धनुष्याला फिरवतो. दर वेळी पीळ वेगळा, म्हणून बाण दोन्ही बाजूंना. रबर काढून टाका.

मात्र मुठीला काही गुंडाळण्याआधी हात नेमका कुठे टेकतो ते पाहा. तळहाताला खडूची पूड चोळा, मूठ धरा, बाण न लावता दोरी निम्मी ओढा आणि तशीच धरून सावकाश परत आणा. रिकामी दोरी कधीही सोडू नका. बाणाचे वजन नसले की सगळा झटका लाकडावर येतो आणि धनुष्य तडकू शकते. आता मुठीवरचा पांढरा ठसा बघा. तो अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याचा हवा, आयुष्यरेषेच्या पलीकडे गेलेला नको. करंगळीकडच्या भागाचाही ठसा उमटला असेल तर हात फार आत घातला आहे. मग दोरी मनगटावर सपकन बसतेच, शिवाय धनुष्य फिरते. बोटांच्या मुळांच्या गाठींची रांग सरळ उभी न ठेवता सुमारे 45 अंशांत तिरकी ठेवा, म्हणजे ठसा आपोआप आत येतो. ठसा मुठीच्या खालच्या टोकाला जास्त गडद दिसत असेल, तर तळहाताचा खालचा भाग जोर लावतो आहे. असे बाण बहुधा वर लागतात. पूड पुसून हीच तपासणी चारपाच वेळा करा. ठसा दर वेळी वेगळ्या जागी येत असेल, तर आधी हात बसवायचा सराव करा, कारण मुठीवर कितीही काम केले तरी तो दोष झाकला जाणार नाही.

घामासाठी सुती दोरीसारखे दुसरे काही नाही, आणि यंत्रमागाच्या गावात ती शोधावी लागत नाही. 2 मिलिमीटर जाडीची, घट्ट पिळाची दोरी घ्या. मुठीची लांबी 10 सेंटिमीटर आणि घेर 11 सेंटिमीटर असेल तर 50 वेढे बसतात. त्याला सहा मीटरच्या आत दोरी लागते; टोकांसाठी धरून सात मीटर घ्या. मुठीवर चकचकीत वॉर्निश असेल तर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक घालवा. बांबूच्या पाठीची, म्हणजे निशाण्याकडच्या बाजूची साल मात्र खरवडू नका. धनुष्याचा सगळा ताण तिच्यातले तंतू झेलतात.

दोरी कोरडीच गुंडाळा. ओली करून आवळली तर घट्ट बसेल असे वाटते, होते उलटे. सुती दोर भिजला की आखडतो आणि वाळला की ढिला पडतो. कोरडी गुंडाळलेली दोरी घामाने भिजेल तेव्हा उलट अधिक आवळेल. सुरुवातीचे टोक मुठीवर उभे ठेवून पहिले दहा वेढे त्याच्यावरून घ्या. दोरी दाराच्या कडीला बांधून धनुष्यच फिरवत पुढे गेलात तर ताण सारखा राहतो. शेवटचे दहा वेढे उरले की वेगळ्या बारीक दोऱ्याचा एक फास मुठीवर ठेवा, त्याचे तोंड पुढे. त्याच्यावरून वेढे पूर्ण करा, दोरीचे टोक फासात ओवा आणि फास मागे ओढून घ्या. टोक वेढ्यांखाली जाते आणि गाठ कुठेच राहत नाही. वर चपडा लाखेच्या पातळ पॉलिशचे दोन हात द्या. तिसरा, चौथा हात दिला तर दोरीचा खरखरीतपणा बुजतो आणि काचेसारखी गुळगुळीत मूठ पुन्हा घामाने फिरायला लागते.

प्रश्न : सोलापुरी टॉवेलची पट्टी गुंडाळली तर घाम टिपला जाईल का? (मजरेवाडी)

टिपला जाईल, पण मूठ बिघडेल. टॉवेलचे उभे फासे दाबले जातात, वाळल्यावर पुन्हा फुगतात, त्यामुळे मुठीची जाडी रोज बदलते. त्यात मैदानाची मुरमाड धूळ बसली की पंधरा दिवसांत पट्टी कडक होते. टॉवेल कमरेला अडकवा आणि दर बाणाआधी हात पुसा. तिथे त्याला तोड नाही.

प्रश्न : मुठीवर चामडे शिवून घेतले. महिन्यात सैल झाले आणि शिवण तळहाताला टोचते. (अक्कलकोट)

चामडे मुठीच्या पूर्ण घेराएवढे कापलेले दिसते आणि शिवण चुकीच्या बाजूला आली आहे. चामडे ताणते, म्हणून ते घेरापेक्षा 6 ते 8 मिलिमीटर कमी रुंद कापायचे. 11 सेंटिमीटरच्या घेराला साधारण 10.3 सेंटिमीटर. जाडी सव्वा ते दीड मिलिमीटर पुरे. चपलांसाठी झाडाच्या सालीने कमावलेले चामडे वापरतात, ते मागा. ते ओले करून बसवले की मुठीचा आकार धरते. पर्सचे मऊ, क्रोम कमावणीचे चामडे असा आकार धरत नाही.

कडेपासून 5 मिलिमीटर आत, 6-6 मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना समोरासमोर भोके पाडा. दोन्हीकडची संख्या मोजून सारखी आहे ना ते पाहा. एका भोकाचा फरक पडला तरी चामडे पिळून बसते. मूठ लाकडाची असेल तर आधी वॉर्निश देऊन वाळवा, म्हणजे ओलावा आत मुरणार नाही. चामडे कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या. कढत पाणी नको, त्यात ते आक्रसते आणि टणक होते. मेण चोळलेला दोरा दोन सुयांनी बुटाच्या नाडीसारखा आलटून पालटून ओवत, वरून खाली शिवत या. शिवण निशाण्याकडच्या बाजूला ठेवा. तिथे फक्त बोटांची टोके हलकी टेकतात. ओल्या चामड्याला लोखंडी खिळा किंवा चिमटा लागू देऊ नका, लगेच काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पूर्ण एक दिवस सावलीत वाळवा. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात ठेवलेत तर कडा वर वळतील. वाळल्यावर मधमाशीचे मेण बोटाने चोळा. शेंगदाण्याचे तेल अनेक जण लावतात. त्याने मूठ चिकट होते आणि वास येतो.

प्रश्न : माझा हात मोठा आहे, मूठ बारीक पडते. सागाचा तुकडा चिकटवून ती भरली, पण तुकडा दोनदा निघाला. कोणता गोंद वापरावा? (बार्शी)

गोंदाकडे वळण्याआधी मूठ वाकते का ते पाहा. मुठीच्या आपल्याकडच्या बाजूला स्टीलची पट्टी धरा आणि दुसऱ्या कुणाला धनुष्य ओढायला सांगा. पट्टीखाली उजेडाची फट दिसली तर मूठ वाकते आहे. अनेक साधी बांबूची धनुष्ये मुठीतही थोडी वाकतात, आणि ते चांगलेच आहे. ताण सगळीकडे वाटला जातो. अशा वाकणाऱ्या मुठीवर ताठ लाकूड कोणत्याच गोंदाने टिकत नाही. तुकडा वाकत नाही, खालचा बांबू वाकतो आणि जोड सरकून सुटतो. तिथे 2 मिलिमीटरचे कॉर्कचे थर एकावर एक लावा, कडा उतरत्या घासा आणि वरून दोरी किंवा चामडे घाला. कॉर्क धनुष्याबरोबर वाकतो.

फट दिसली नाही तर लाकूड चालेल. सागात मूळचे तेल असते, ते जोड धरू देत नाही. चिकटवण्याच्या पाच मिनिटे आधी 80 नंबरच्या कागदाने घासा आणि थिनरने पुसा. दोन भागांचा, सावकाश जमणारा इपॉक्सी घ्या. पांढरा फेविकॉल सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की तुकडा सगळीकडून सारखा दाबला जातो. क्लॅम्पने करकचून दाबू नका, इपॉक्सी बाहेर पडून जोड कोरडा राहतो. 24 तास हात लावू नका. नंतरही बंद गाडीत भर उन्हात धनुष्य ठेवायचे नाही, तिथल्या उष्णतेत इपॉक्सी मऊ पडतो. खिळा, स्क्रू, भोक यांपैकी काहीही बांबूत नको.

मूठ किती भरायची? सैल धरल्यावर अंगठा आणि तर्जनीची टोके जेमतेम टेकावीत, एवढीच. आपल्याकडच्या बाजूला 6 मिलिमीटर भर घातली तर धनुष्य तेवढे पुढे जाते, म्हणून दोरी पाव इंच जास्त ओढली जाते. शेवटच्या टप्प्यात इंचाला दोन पौंड वाढणाऱ्या धनुष्यावर हा अर्धा पौंड झाला, आणि बाणही तेवढा लांब लागतो. शिवाय मनगट दोरीच्या 6 मिलिमीटर जवळ येते. बाणाची लांबी आधीच जेमतेम असेल तर भर घालण्यापूर्वी ती मोजा.

प्रश्न : नवी मूठ छान बसली, पण आता सगळेच बाण डावीकडे लागतात. उजव्या हाताने ओढतो. (मंगळवेढा)

सगळे एकाच बाजूला म्हणजे हाताचा दोष कमी, जाडीचा जास्त. वेढे बाण जातो तिथपर्यंत चढवले असणार. त्या जागी धनुष्य रुंद झाले की बाणाला वळसा जास्त घ्यावा लागतो. तो ताठ बाणासारखा वागतो आणि डावीकडे जातो. डाव्या हाताने ओढणाऱ्यांचे उजवीकडे जातील. वेढे बाणाच्या जागेच्या एक सेंटिमीटर खाली संपवा. चामडे असेल तर बाणाकडच्या बाजूला ते कापून कड तासून घ्या.

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची. मुठीवर हाताच्या आधाराने बाण ठेवते. पिसाने तिच्या तर्जनीच्या मुळाशी ओरखडे उठतात. मूठ उंच करून द्यावी का? (होटगी रोड, एक पालक)

मुठीला हात लावू नका, बाण बघा. पिसाच्या पुढच्या टोकाला त्याची कडक शीर उघडी राहिली की ती ब्लेडसारखी कापते. बोटाने पुढून मागे फिरवून पाहा, टोचेल. ते टोक पॉलिश पेपरने घासून उतरते करा, त्यावर बारीक सुती दोऱ्याचे 8-10 वेढे घट्ट घ्या आणि वरून इपॉक्सीचा थेंब बोटाने पसरवा. पिसे तीन असतील तर वेगळ्या रंगाचे पीस धनुष्याच्या उलट बाजूला ठेवून बाण लावायला शिकवा. ओरखडे भरेपर्यंत तर्जनीच्या मुळाशी कापडी चिकटपट्टी लावावी.