लय मागे का पडते? ऑनलाइन साथीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात हार्मोनियम वाजवतो, तबल्याचा साथीदार नाशिकला असतो. दोघांकडे 100 एमबीपीएसचं फायबर आहे, तरी व्हिडिओ कॉलवर दोन-चार आवर्तनांतच लय उतरते. 300 चा प्लॅन घ्यावा का?

नको, पैसे वाया जातील. एका माइकचा आवाज जराही न दाबता पाठवला तरी 1 एमबीपीएस पुरून उरतो. घोळ उशिराचा आहे. तुम्ही तबल्यासाठी थांबता, तबलजी तुमच्यासाठी थांबतो, आणि दर मात्रेला लय थोडी थोडी खाली येते. आवाज एका बाजूने 25 ते 30 मिलिसेकंदांत पोचला तर वादक सांभाळून घेतात. हवेत तेवढ्या वेळात आवाज साडेआठ ते दहा मीटर जातो.

फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर कापतो, म्हणजे पुणे-नाशिक अंतराला एक-दीड मिलिसेकंद पुरतो. दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असतील तर डेटा मुंबईचा वळसा घेऊ शकतो, पण त्यानेही फारसं बिघडत नाही. खरा वेळ खातं ते कॉलचं अ‍ॅप. ते आवाज साठवतं, प्रतिध्वनी कापतं, गोंगाट गाळतं आणि यात शंभर मिलिसेकंद सहज जातात. तानपुऱ्याचा अखंड सूर तर त्याला पंख्याची घरघर वाटते, तोही गाळला जातो!

तेव्हा कॉल सोडा आणि सोनोबस किंवा जॅम्युलस ही दूरून एकत्र वाजवण्यासाठीची अ‍ॅप घ्या. दोन्ही मोफत आहेत. वायफाय बंद करून राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल ओढा. हेडफोन वायरचाच हवा, कारण एकटं ब्लूटूथच बहुधा शंभरावर मिलिसेकंद घालवतं. विंडोजवर यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारी पेटी) आणि त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर, वापरा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) 48,000 आणि बफर (एका वेळी साठवायचे नमुने) 128 ठेवा, म्हणजे बफरचे पावणेतीन मिलिसेकंदांपेक्षा कमीच होतात. तडतड आली तर 256 करा.

सोनोबस दोघांना थेट जोडतं, त्यामुळे दोघांसाठी तेच बरं. कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला असेल तर कधी कधी जोडणीच होत नाही. मग जॅम्युलस वापरा. त्यात सर्व्हर जवळचा, शक्यतो मुंबईतला निवडा. आणि स्वतःचा आवाजही सर्व्हरवरून परत येतो तोच ऐका, इंटरफेसमधून थेट येणारा बंद करा. सुरुवातीला हात अडखळतो, पण दोघं एकाच आवाजावर वाजवतात म्हणून लय टिकते. हार्मोनियम समोरच वाजत असते, त्यामुळे कान पूर्ण झाकणारा हेडफोन लागेल.

प्रश्न : गुरुजी पुण्यात, मी न्यू जर्सीत. हीच मांडणी चालेल?

एकत्र वाजवायला नाही. सरळ रेषेत अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे प्रकाशालाच एका बाजूने साठाहून जास्त मिलिसेकंद लागतात. समुद्रातल्या केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे जाऊन-येऊन दोनशेच्या पुढे धरा. यावर कुठलंही यंत्र चालत नाही. मात्र साथ एकतर्फी ठेवली तर रियाज उत्तम होतो. गुरुजींनी लेहरा (तबल्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवायची धून) धरायचा आणि तुमचा आवाज स्वतःकडे बंद ठेवायचा. तुम्ही त्यावर तबला वाजवायचा. तुमच्या खोलीत सम बरोबर सम येईल. रेकॉर्डिंग तुमच्याच संगणकावर करून फाइल पाठवा. गुरुजींनी थेट ऐकून हातावर ताल धरला, तर तुम्ही सतत मागे असल्याचं त्यांना वाटेल. कायदे-रेल्यांची (तबल्याच्या ठरावीक रचनांची) शिकवणी मात्र 'आधी गुरू, मग शिष्य' अशी आलटून-पालटून बिनधास्त चालते.

प्रश्न : दुपारी ठीक असतं, रात्री आठनंतर आवाज फाटतो. का?

आधी राउटरच्या पत्त्यावर शंभर पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारे छोटे संदेश) पाठवून पाहा. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर दोष वायफायचा, आणि त्या वेळी शेजाऱ्यांचीही वायफाय जोरात असते. केबलवर राउटरचे आकडे स्थिर असून बाहेरच्या इंटरनेट पत्त्याचे उसळत असतील, तर घरातले फोन त्या वेळी फोटोंचा बॅकअप चढवत आहेत का बघा. अपलोड भरलं की तुमचा आवाज राउटरमध्ये रांगेत अडकतो. बॅकअप थांबवा, किंवा राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) संगीताच्या संगणकाला अग्रक्रम द्या. तरीही उसळत असेल तर गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे. तेव्हा अ‍ॅपमधला जिटर बफर (पुढे-मागे पोचणारा आवाज सांभाळून घेणारा साठा) एक-दोन पायऱ्या वाढवा. उशीर किंचित वाढेल, पण आवाज तुटणार नाही.