टँकमधली झाडं: स्वस्त चालतील, पण पाण्यातली पाहिजेत

मागच्या अंकात गप्पी-मॉली माशांवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं आता पिल्लांबद्दल विचाराल, पण पत्रं उघडून बघतोय तर निम्म्याच्या वर झाडांबद्दल, आणि रडगाणं एकच, पैसे गेले आणि झाड कुजलं. म्हणून यावेळी सगळी जागा झाडांना.

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, त्याच्या हट्टापायी दोन फुटी टँक घेतला. प्लास्टिकची झाडं नको, खरी पाहिजेत म्हणून दुकानातनं साडेतीनशेची झाडं आणली. एकाचं पान वरनं करडं-हिरवं, मागनं वाईन कलरचं, सुरकुत्या पडल्यासारखं, दुसऱ्याची पानं पांढऱ्या पट्ट्यांची, कडक. पंधरा-वीस दिवसांत दोन्ही काळी पडली आणि पाण्याला वास यायलाय. विचारायला गेले तर सीओटू, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड पाहिजे, स्पेशल माती पाहिजे, चार-पाच हजार खर्च येतोय म्हणून सांगितलं. तेवढा खर्च जमणार नाही. कोल्हापुरात स्वस्त मिळतात का? ऑनलाइन मागवू का?
(एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: ताई, तुमचं काही चुकलं नाही, ती झाडं पाण्यातली नव्हतीच. सुरकुतलेलं वाईन कलरचं पान म्हणजे हेमिग्राफिस, पट्ट्यांचं कडक पान बहुतेक ड्रॅसिना. दोन्ही कुंडीतली शोची झाडं. त्यांची मुळं पाण्यात राहिली तर एकवेळ चालतं, पण पानं बुडाली की ती गुदमरतात, महिनाभर दम धरतात आणि मग कुजतात, त्याला पाच हजाराचा सीओटू लावला असता तरी कुजलीच असती. लकी बांबू, सिंगोनियम, पीस लिली, मोंडो ग्रास हीसुद्धा त्याच जातीची फसवणूक. दुकानदार दरवेळी मुद्दाम करतो असं नाही, त्याला पेटी येते, त्याच्यात जे येतं ते तो विकतो. लकी बांबू मात्र मुळं पाण्यात आणि पानं वर अशी टँकच्या काठावर अडकवली तर झकास वाढतो आणि माशांच्या घाणीतलं नायट्रेट खातो, फक्त आख्खा बुडवू नका.

कुजकं आहे ते आज काढा, उद्यावर नको. कुजणाऱ्या पानातनं अमोनिया सुटतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात आणि आपण म्हणतो एअर पंप बिघडला. पाव भाग पाणी बदला, दोन दिवसांनी परत पाव भाग.

दुकानात ओळखायचं कसं? झाड पाण्याबाहेर उचलून बघा. पाण्यात वाढलेलं झाड बाहेर काढलं की ओल्या धाग्यासारखं लोंबतं, कारण त्याला आजवर पाण्यानंच उभं धरलेलं असतं. जे ताठ उभं राहतं, पान जाड, मेणासारखं, त्याच्यावर संशय घ्या. याला अपवाद अनुबियास आणि जावा फर्न, ती ताठच असतात पण पाण्यात उत्तम जगतात. मग शेंड्याला नवीन पान आहे का बघा, जुड्या शिशाच्या पट्टीनं बांधलेल्या असतात तर पट्टीच्या खालचा दांडा काळा, बुळबुळीत झालाय का बघा, आणि सरळ वास घ्या. ताज्या झाडाला ओल्या मातीसारखा वास येतो, कुजक्याला गटारीचा. दुकानदाराला माल कुठल्या वारी येतो ते विचारून त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जायचं, आठवडाभर अंधाऱ्या टबात पडलेली जुडी दहा रुपयाला दिली तरी महाग.

आता घ्यायचं काय. तुमच्यासाठी मी पहिलं नाव घेईन वॅलिसनेरियाचं, लांब फितीसारखी पानं असतात ते. आपल्याकडं पाण्याची भानगड अशी की नळाला राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी येतं आणि नळ नाही आला की आपण बोअरचं पाणी ओततो, म्हणजे कधी मऊ कधी जड, क्षारांचं, आणि नाजूक झाडाला हा बदलच मारतो. वॅलिसनेरियाला जड पाणी उलट आवडतं. एक रोप लावा, ते मातीतनं आडवे धुमारे सोडत जातं आणि सहा महिन्यांत पाठीमागची काच झाकून टाकतं. त्याच्या जोडीला हॉर्नवर्ट, याला मूळच नसतं, नुसतं सोडून द्यायचं, तरंगत वाढतं, गप्पीची पिल्लं त्याच्यात लपतात. वॉटर विस्टेरिया आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही दोन्ही मूळ भारतातलीच झाडं, शेंडा तोडून मातीत खोचला की नवीन झाड. एवढ्या चार जातींवर टँक भरतो. लाल लाल पानांच्या रोटाला मॅक्रँड्राच्या नादाला आत्ता लागू नका, ते आपल्याच पश्चिम घाटातलं असलं तरी टँकमध्ये त्याचे लाड महागात पडतात.

अनुबियास आणि जावा फर्न महाग वाटतील, पण गोल्डफिश पाळायचा विचार असेल तर तेवढीच टिकतात, बाकीची तो कोथिंबिरीसारखी खातो. या दोघांचा आडवा जाड दांडा असतो तो मातीत पुरायचा नाही, पुरला की सडतो. शिवणाच्या दोऱ्यानं दगडाला बांधून टाकायचं, मुळं आपोआप धरतात.

एक गोष्ट आधीच सांगतो नाहीतर परत पत्र लिहाल. चांगलं झाड आणलं तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पानं विरघळल्यासारखी होतात, क्रिप्टोकोरीन तर आख्खं गळून नुसतं बूड राहतं. बऱ्याच नर्सऱ्यांत ही झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, तिथली पानं आणि पाण्यातली पानं वेगळी. बूड घट्ट असेल, मुळं पांढरी असतील तर उपटू नका, नवीन पान येतंय. मी स्वतः माझं पहिलं क्रिप्टो असंच मेलं म्हणून केराच्या बादलीत टाकलं होतं, आत्ता आठवलं तरी हळहळ वाटते.

कोल्हापूर म्हणाल तर तिथं दुकानं जास्त, व्हरायटी जास्त, पण नुसत्या झाडासाठी एसटीनं शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन आलात तर स्वस्त कुठं पडलं? पाहुण्यांकडं निघालाच असाल तर आणा. ऑनलाइनमध्ये मी एकदा दहा झाडांचा कॉम्बो घेतला, फोटोत जंगल होतं, आलेल्यात चार झाडं कुंडीतली निघाली आणि एकाचा नुसता चिखल. तेव्हापासून कॉम्बो घेत नाही. नाव वाचून एकेक जात मागवतो, विकणाऱ्याकडनं आज काढलेला फोटो मागतो, आणि सोमवारी पाठवा म्हणून सांगतो, म्हणजे पार्सल रविवारी कुठं गोडाऊनमध्ये अडकत नाही. ओल्या पेपरात गुंडाळून वर प्लास्टिक असं पॅकिंग असेल तर तीन-चार दिवस काही होत नाही, एप्रिल-मे सोडून. कुरिअरचा खर्च झाडापेक्षा जास्त होतो, म्हणून गल्लीतले तिघं-चौघं मिळून मागवा. टिश्यू कल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेल्या रोपांचे कप मिळतात, त्याच्यात गोगलगायी, शेवाळ काही येत नाही, पण रोपं बारीक असतात आणि आधी जेली नीट धुवावी लागते, नवशिक्यानं थांबावं.

पण खरं स्वस्त झाड दुकानात नसतंच ताई. ज्याचा टँक वर्षभर जुना आहे त्याच्याकडं असतं. तो दर पंधरा दिवसांनी कातरतो आणि फेकतो. मुलाच्या शाळेत विचारा, कुणाच्या ना कुणाच्या घरी टँक असतोच, जिथं मासे घेता तिथं येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारा. शिवाय ते झाड आपल्याच नळाच्या पाण्यावर वाढलेलं असतं, त्याला रुळायला वेळ लागत नाही. माझ्याकडची वॅलिसनेरिया अशीच वडगाव, अनगोळ, हिंडलगा फिरून आली, एका दादानं तर बदल्यात पाव किलो कुंदा आणून दिला, मला वाटतं सौद्यात मीच जिंकलो.

माती आणि लाइटचं थोडक्यात. टँकमध्ये मासे आहेत तर आख्खी माती आता घालत बसू नका. मातीचं छोटं गाडगं घ्या, तळात बोटभर बागेतली चाळलेली माती, खत न घातलेली, वर दीड इंच धुतलेली वाळू, त्याच्यात रोप लावून गाडगं अलगद ठेवा. आपल्या भागातली लाल माती याला चांगली, लोह भरपूर. वाळू किंवा खडी घालायच्या आधी दोन थेंब लिंबू पिळून बघा, फसफसलं तर त्याच्यात चुना आहे, पाणी जड करणार. लाइट साधा पांढरा एलईडी, पाकिटावर ६५०० के लिहिलेला, दिवसाला सहा ते आठ तास, टायमर लावा. दहा-बारा तास चालू ठेवला की झाडाच्या आधी शेवाळ वाढतं. सीओटू या झाडांना लागत नाही, ते चार-पाच हजार तुमच्याकडंच ठेवा.

प्रश्न: आमच्या ओढ्यात आणि पुढं जंगलाकडच्या नदीत पाण्याखाली गवतासारखी झाडं दिसतात. दुकानापेक्षा तीच आणली तर काय बिघडलं? फुकटातच आहेत की.
(एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर: दादा, तुमचं नशीब की तुम्ही मलप्रभेच्या उगमाच्या तालुक्यात राहता. तिथल्या घाटातल्या वाहत्या पाण्यात क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिससारखी झाडं खरोखर जंगली वाढतात, तुम्ही बघितलेलं तेच असू शकतं. पण दोन गोष्टी. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतनं काहीही उपटायचं नाही, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ‘एकच तर रोप’ हे तिथं चालत नाही. आणि हद्दीबाहेरचं असलं तरी थंड, वाहत्या, सावलीतल्या पाण्यातलं झाड हॉलमधल्या साठलेल्या पाण्यात बहुतेकदा टिकत नाही, आपण उगाच ओढा ओरबाडतो.

गावच्या तळ्यातलं हायड्रिला मात्र खुशाल घ्या, एका जागी चार-चार, पाच-पाच बारीक पानांचं चक्र असतं ते. वाट्टेल तसं वाढतं. थेट टँकमध्ये टाकू नका, त्याच्याबरोबर जळवा येतात आणि चतुराची अळी येते, ती गप्पीची पिल्लं एकेक करून संपवते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बादलीत पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपण विहिरीत टाकायचो ते लाल औषध, फिकट गुलाबी रंग येईल एवढंच घाला, दहा मिनिटं बुडवा, चार पाण्यानं धुवा, मग आठ-दहा दिवस मासे नसलेल्या बादलीत उजेडात ठेवा. रोज डोकवून बघा, जे हलताना दिसेल ते काढा. तेवढा धीर नसेल तर दुकानातलीच घ्या.

आणि उलटं कधी करू नका. टँकमधलं जास्तीचं झाड विहिरीत, ओढ्यात सोडू नका. केरळात कोळिकोडजवळ २०२० साली एक पाणथळ गुलाबी फुलांनी भरून गेली, लोक फोटो काढायला गर्दी करत होते, ते बाहेरच्या देशातनं आलेलं काबोंबा होतं, टँकमध्ये लावतात तेच झाड. जास्तीचं उन्हात वाळवा, कुंडीला खत होतं.

प्रश्न: आमच्याकडं द्राक्षाची बाग आहे, खतं घरातच असतात. टँकच्या झाडांसाठी छोट्या बाटलीतलं खत महाग पडतं. बागेचं चालेल का?
(एक वाचक, अथणी)

उत्तर: हा प्रश्न फक्त शेतकरीच विचारू शकतो, मजा आली. चालतं, पण सगळं नाही. युरिया, डीएपी, १९:१९:१९ यांच्यात युरिया किंवा अमोनियम असतं, ते टँकमध्ये गेलं की मासे गेलेच म्हणून समजा. ड्रिपमधनं सोडता ते १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ते चालतं. दहा ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवून बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवा, घरातलं कोण सरबत समजून पिऊ नये. दोन फुटी टँक साधारण पन्नास लिटरचा, त्याला आठवड्याला दहा मिली, त्यानं नायट्रेट अडीच पीपीएमच्या, म्हणजे लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं, तेवढं पुरे. मासे भरपूर असतील तर त्याचीही गरज नाही, माशांची विष्ठा तेच काम करते. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी, तुम्हाला बागेतनं ते माहीतच असेल. मात्र औषध मारायच्या पंपाचं माप, बादली, चमचा यातलं काही टँकजवळ आणू नका. बोर्डो फवाऱ्यातल्या मोरचूदाचा, म्हणजे तांब्याचा अंश राहिला तरी मासे, कोळंबी मरतात.

प्रश्न: झाडांबरोबर बारीक गोगलगायी आल्या, शेकड्यानं झाल्यात. औषध घालू का?
(एक वाचक भगिनी, निपाणी)

उत्तर: नको ताई. बऱ्याच औषधांत तांबं असतं, त्यानं मासेही मरतात, आणि एकदम शंभर गोगलगायी मेल्या तर त्याच कुजून पाणी नासतं. आधी माशांचं खाणं निम्मं करा, उरलेल्या खाण्यावरच त्या वाढतात. मग रात्री लाइट बंद केल्यावर काकडीची एक चकती काट्याला टोचून तळाला सोडा, सकाळी चकतीसकट उचला. आठवडाभर करा. चार-दोन राहिल्या तर राहू देत, काचेवरचं शेवाळ खातात.