फोटोतली मोटारसायकल पुसली तरी काळी कड का उरते?

खानापूरच्या दादांचा प्रश्न असा आहे: हलशीच्या भूवराह नरसिंह देवळासमोर काढलेला आजोबांचा जुना फोटो, मागे कुणाचीतरी मोटारसायकल. फोटोशॉपमध्ये ती सिलेक्ट करून कॉन्टेन्ट-अवेअर फिल (निवडलेली जागा आजूबाजूच्या तुकड्यांनी आपोआप भरायची सोय) दिलं की काळपट कड राहते, आणि चाकाच्या जागी आजोबांच्या धोतराचा तुकडा उगवतो.

दादा, कड राहते ती सिलेक्शनमुळे. तुम्ही गाडीला अगदी चिकटून सिलेक्शन घेतलंय. झूम करून बघा की, कडेला दोन-तीन पिक्सेल असे दिसतील जे धड गाडीचे नाहीत, धड दगडाचे नाहीत. ते बाहेर राहिले की फिल त्यांनाच आजूबाजूचा रंग समजतं आणि तोच काळेपणा आत ओढतं. म्हणून लॅसो (हातानं रेघ ओढून सिलेक्ट करायचं साधन) सैल फिरवा, किंवा सिलेक्ट, मॉडिफाय, एक्स्पांडमध्ये जाऊन ५-६ पिक्सेल वाढवा. जमिनीवरची सावलीही आत घ्या, नाहीतर गाडी जाते आणि अंगणात डाग उरतो.

चाक धोतराला टेकतं तिथं मात्र वाढवायचं नाही. आधी आजोबांचं वेगळं सिलेक्शन करून सेव्ह करा आणि गाडीच्या सिलेक्शनमधून ते वजा करा. हातानं करायचं तर आल्ट धरून लॅसो फिरवला की तेवढा भाग कमी होतो, शिफ्ट धरला की वाढतो.

आता धोतराचं. फिल भरायचे तुकडे त्याच फोटोतून शोधतं, त्याला आजोबा कुठले नि भिंत कुठली हे कळत नाही. २०१८ च्या शेवटी एडिट मेनूत यासाठी कॉन्टेन्ट-अवेअर फिल नावाचीच वेगळी खिडकी आली. त्यातला हिरवा भाग म्हणजे तुकडे उचलायची जागा. आजोबांवरचं आणि आभाळावरचं हिरवं ब्रशनं पुसा, फक्त दगड आणि अंगण ठेवा. आउटपुट नव्या लेयरवर घ्या, मूळ स्कॅनला हात लावू नका.

जोत्याचे आडवे थर तरीही एखाद्या ठिकाणी तुटतील. तिथं क्लोन स्टॅम्प, म्हणजे एका जागेचा नमुना उचलून दुसरीकडे छापायचं साधन. दोन दगडांच्या सांध्यावर आल्ट-क्लिक करायचं, आणि त्याच थरातल्या रेषेवर नेमकं ठेवून ओढायचं. ब्रश फार मऊ नको, जुन्या फोटोचा दाणा त्यानं पुसट होतो आणि दुरुस्ती लगेच दिसते.

फोटोशॉपऐवजी गिंप हा मोफत प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी रीसिंथेसायझर प्लगइनमधलं हील सिलेक्शन वापरावं, काम चांगलं होतं.

२०२३ पासून आलेलं जनरेटिव्ह फिल (एआयनं नवं चित्र रचून जागा भरणं) यातलं बरंच एका झटक्यात करतं, पण या फोटोसाठी मी ते वापरणार नाही. ते नसलेले दगड, नसलेलं कोरीवकाम मनानं रचतं. कदंब राजांच्या काळचं देऊळ आहे, आजोबा ज्या दगडांसमोर उभे होते तेच दगड नातवंडांना दिसायला हवेत.

धोतराच्या काठाशी अडलात तर तेवढाच भाग शंभर टक्के झूमवर टाका, बघून सांगतो.