घरी बनवलेली आर्केड स्टिक संगणकावर चालते, मग प्लेस्टेशन ४ वर आठ मिनिटांत का बंद पडते?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आणि एक शंका आहे. लाकडी पेटीत सानवा या जपानी कंपनीचा जेएलएफ लिव्हर (दिशा देणारा दांडा) आणि ३० मिलिमीटरची आठ बटणे बसवून आत रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड व त्यावर जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर (बोर्डाला गेम कंट्रोलर बनवणारी आज्ञावली) घातले आहे. वर-खाली बरोबर असूनही डावे-उजवे उलटे जाते, ओळीतली शेवटची तीन बटणे अधूनमधून एकदम मरतात, आणि प्लेस्टेशन ४ वर स्टिक ठरल्यासारखी आठ मिनिटांनी गप्प होते. यावर उपाय म्हणून प्लेस्टेशनच्या एखाद्या जुन्या पॅडचे सर्किट त्याच पेटीत बसवावे का, अशी तुमची शंका आहे. मी गेली काही वर्षे हौस म्हणून अशा स्टिक बनवतो आणि मित्रांच्या दुरुस्तही करतो. त्या अनुभवावरून सांगतो की यातल्या पहिल्या दोन तक्रारी तारांच्या आहेत, तिसरीचा तारांशी काहीही संबंध नाही, आणि ही फोड न करता स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तर चांगली जोडणीही उखडली जाते.

प्रथम डावे-उजवे. जेएलएफच्या तळाशी चार मायक्रोस्विच असतात आणि लिव्हर वर ढकलला की त्याचा खालचा भाग विरुद्ध बाजूला जाऊन खालच्या बाजूचा स्विच दाबतो, त्यामुळे तारा नुसत्या पाहून दिशा ओळखायला गेल्यास माणूस हमखास फसतो. लिव्हर १८० अंशांत उलटा बसला असता तर तुमचे वर-खालीही उलटे झाले असते. ९० अंशांत फिरला असता तर वर ढकलल्यावर डावे किंवा उजवे मिळाले असते. केवळ एकच जोडी उलटी होणे हे कोणत्याही फिरवण्याने घडत नाही, म्हणजे त्या दोन तारांचीच पिकोवर अदलाबदल झाली आहे. लिव्हर काढू नका. त्या दोन तारा बदला, किंवा स्टार्टचे बटण दाबून ठेवून स्टिक संगणकाला जोडा. ब्राउझरमध्ये फर्मवेअरचे सेटिंगचे पान उघडते, तेथे डाव्या आणि उजव्या दिशेच्या पिनांची नेमणूक बदलता येते.

तीन बटणांची तक्रार अधिक बोलकी आहे. अशा स्टिकमध्ये प्रत्येक बटणाच्या दोन टोकांपैकी एकाला स्वतंत्र सिग्नलची तार जाते आणि दुसरे टोक बटणांना माळेसारखे एकामागून एक जोडत जाणाऱ्या सामायिक ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) तारेला जोडलेले असते. पिकोच्या पिनांवर आतूनच पुल-अप चालू केलेला असल्यामुळे पिन एरवी ३.३ व्होल्टला असते आणि बटण दाबल्यावर ग्राउंडला खेचली जाते. चिपला कळते ते एवढेच. बटणाला उलटे-सुलटे नसते, त्यामुळे कोणते टोक कशाला जोडले याची चिंता नको. आता एकच बटण मेले असते तर मी त्याची सिग्नलची तार तपासायला सांगितले असते. पण माळेतली शेवटची तिन्ही एकदम जातात आणि एकदम परत येतात, याचा अर्थ ग्राउंडची माळ पाचव्या आणि सहाव्या बटणाच्या मध्ये कोठेतरी सैल झाली आहे. मल्टिमीटर बीपवर (तार अखंड असेल तर आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, एक टोक पिकोच्या ग्राउंडला आणि दुसरे सहाव्या बटणाच्या ग्राउंडच्या टोकाच्या धातूच्या पट्टीवर धरा आणि तार हलवा; बीप तुटली की दोष सापडला.

बहुधा तो थिंबलमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या आणि बटणाच्या पट्टीवर सरकवायच्या धातूच्या टोपणात, सापडेल. सानवाच्या ३० मिलिमीटरच्या बटणांच्या पट्ट्या २.८ मिलिमीटर रुंद असतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर थिंबल मागताना माप सांगितले नाही, तर बहुतेक वेळा मोटारीच्या वायरिंगची ६.३ किंवा ४.८ मिलिमीटरची थिंबले हाती पडतात, आणि ती पक्कडीने दाबून बसवली तर सुरुवातीला धरतात, पण जोरात खेळू लागल्यावर सुटतात. योग्य मापाची आणून पुन्हा क्रिंप करा. पट्टीवर थेट सोल्डर करण्याचा मोह टाळा, कारण उष्णतेने बटणाचे प्लास्टिक मऊ होऊन आतला स्विच बिघडतो. माळ दुरुस्त झाली आणि आठही बटणांवर बीप आली, की माळेचे मोकळे टोकही पिकोच्या दुसऱ्या ग्राउंड पिनला जोडून टाका. त्यामुळे पुढे एखादे थिंबल निखळले तरी उरलेल्या बटणांना दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळत राहते. हे टोक आधी जोडू नका. नाहीतर आत्ताचा दोष झाकला जाईल आणि पुढच्या वेळी दोन ठिकाणी शोधावे लागेल.

आता आठ मिनिटे. प्लेस्टेशन ४ जोडलेल्या कंट्रोलरकडे परवानाधारक असल्याची डिजिटल सही मागतो. ती मिळाली नाही तरी काही काळ तो चालू देतो आणि मग तोडतो. केबल काढून पुन्हा लावली की घड्याळ नव्याने सुरू होते, हे तुमच्याही लक्षात आले असेल. संगणक आणि निन्टेंडो स्विच अशी सही मागत नाहीत, म्हणून तीच स्टिक तेथे तासन्‌तास चालते. केबल, थिंबल किंवा पिको बदलून यात काडीचाही फरक पडणार नाही. मार्ग दोन आहेत. ब्रूकच्या युनिव्हर्सल फायटिंग बोर्डसारखा अनेक कन्सोलांसाठी बनवलेला तयार बोर्ड घ्यावा. तो महाग असतो. नाहीतर पिकोलाच एक यूएसबी होस्ट पोर्ट (दुसरे उपकरण लावून घेणारा यूएसबी सॉकेट) जोडून त्यात प्लेस्टेशन ४ चा परवानाधारक वायर्ड पॅड लावावा. कन्सोलने मागितलेली सही पिको त्या पॅडकडून करून घेतो आणि पुढे पोहोचवतो. या पोर्टच्या दोन डेटा तारा पिकोच्या लगतच्या दोन पिनांना, ग्राउंड ग्राउंडला आणि वीज व्हीबस या (यूएसबीचे ५ व्होल्ट देणाऱ्या) पिनला जोडायची, कारण पॅडला ५ व्होल्ट लागतात. हेच ५ व्होल्ट चुकूनही सिग्नलच्या पिनेला लागू देऊ नका. स्वस्त केबलच्या आत हिरवी व पांढरी ही डेटाच्या तारांची नेहमीची रंगसंगती पाळलेली असेलच असे नाही, म्हणून तेथेही आधी बीप घ्या.

पॅडचे सर्किट पेटीत बसवून प्रत्येक बटणाची तार दोन्ही बोर्डांना देण्याची तुमची कल्पना जुनी आणि प्रतिष्ठित आहे, पण आज मी ती सुचवणार नाही. पहिली अडचण अशी की त्या पॅडची सर्व बटणे एकाच ग्राउंडवर असावी लागतात, आणि ते सोल्डरिंग करण्यापूर्वी मल्टिमीटरने सिद्ध करावे लागते. दुसरी अडचण मी स्वतः भोगली आहे. मी दोन बोर्डांची पहिली स्टिक बनवली तेव्हा एका साध्या स्विचने केबलची वीज आणि डेटा दोन्ही एका बोर्डावरून दुसऱ्यावर फिरवत होतो. परिणामी काहीही न दाबता बटणे दाबलेली दिसत. दोन रात्री मी बटणे बदलण्यात घालवल्या. खरा प्रकार असा होता की वीज नसलेला बोर्ड सामायिक सिग्नलच्या तारांमधून चोरून वीज ओढत होता आणि त्यांचा व्होल्टेज खाली आणत होता. दोन्ही बोर्डांना वीज आणि ग्राउंड कायम द्यायचे आणि फक्त दोन डेटा तारा फिरवायच्या, हा त्यावरचा इलाज. तुमच्याकडे पिको असताना एवढा खटाटोप कशाला?

पिकोच्या चिमुकल्या यूएसबी सॉकेटवर रोजची ओढाताण पडू देऊ नका. पेटीच्या मागे २४ मिलिमीटरचे भोक पाडून न्यूट्रिकचा पॅनलवर बसणारा यूएसबी सॉकेट लावा आणि आतली छोटी केबल कायमची ठेवा.

स्टिक निन्टेंडो स्विचवर लावाल तेव्हा ए आणि बी उलटे झाल्यासारखे वाटतील. ही जोडणीतली चूक नव्हे: फर्मवेअर बटणाची जागा पाहते, नाव नाही, आणि एक्सबॉक्सच्या मांडणीत ज्या जागी ए असतो त्या जागी निन्टेंडोने बी ठेवला आहे. बटणांवर अक्षरे चिकटवली असतील तर ती काढून टाका.